आधी तू खा

श्यामला साळुंखे पेशंटच्या घरचं खात नसे. चहा नाही, बिस्कीट नाही, पूजेचा शिरासुद्धा नाही. वॉटफर्डपासून ईलिंगपर्यंत ज्या ज्या मराठी घरात तिनं म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुतल्या, चादरी बदलल्या, सुया टोचल्या, त्या प्रत्येक घराला हे माहीत होतं. जेवणाची वेळ झाली की ती हातमोजे काढायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि बाहेर उभ्या केलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसायची. शेजारच्या सीटवर फडकं अंथरायची, त्यावर डबा उघडायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची नाहीतर मेथीची भाजी. बाहेरच्या गारठ्यात गाडीच्या काचा तिच्या श्वासानं धुरकट व्हायच्या, आणि त्या धुरकट काचांच्या आत ती एकेक घास सावकाश चावून राणीसारखी जेवायची.

ती येरळेच्या काठची. ती नदी वर्षातले चार दिवस वाहते आणि उरलेलं वर्ष वाळूखाली तोंड लपवून पडते. तिथली माणसं कुणाकडे पाणी मागत बसत नाहीत, वाळू उकरून काढतात. श्यामलानंही तेच केलं. मिरजेला नर्सिंग शिकली, नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डावर राबली, नवऱ्याच्या नोकरीमागं वॉटफर्डला आली, आणि नवरा गेल्यावर एका एजन्सीचा बॅज छातीवर लावून घरोघरी फिरली.

त्या एजन्सीच्या दिवसांत ईलिंगला एका आजींनी तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. "खा गं, दमली असशील." श्यामलानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी आजींच्या मुलीनं ऑफिसला फोन केला, तुमची बाई आमचा फराळ संपवते. मग ऑफिसातल्या एका कोवळ्या पोरीनं श्यामलाला समोर बसवून, गोड आवाजात, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हे समजावून सांगितलं. श्यामलानं सगळं ऐकून घेतलं, बॅज काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली.

तेव्हापासून ती कुणाची नव्हती. गाडी तिची, विमा तिचा, नर्सेसच्या रजिस्टरवर नाव तिचं. ज्याला गरज असेल त्यानं तिलाच फोन करायचा. तक्रार करायला मध्ये ऑफिस नव्हतं, आणि तिची बाजू घ्यायलाही कुणी नव्हतं. तिची ती एक अट मात्र होती, आणि त्या अटीवर ती ताठ उभी होती.

आठल्यांच्या घराचं दार सुहासिनीबाईंनी उघडलं तेव्हा त्यांनी आधी श्यामलाच्या पायांकडं पाहिलं.

"चपला तिथे काढा. तिथे नाही, मॅटवर."

त्यांचे यजमान डॉक्टर पुरुषोत्तम आठल्ये हाडांचे सर्जन होते. निम्म्या वॉटफर्डची कंबर आणि गुडघे त्यांनी बदलले असतील. आता त्यांना स्वतःचं घर परकं वाटायचं. विसरण्याचा आजार मेंदूत शिरला होता, साखर जुनी होती आणि टाचेवर एक जखम होती, भरू म्हणता भरत नव्हती. त्यांचा मुलगा गिरीश नॉटिंगहॅमला राहायचा. त्यानंच कुणाकडून तरी श्यामलाचा नंबर मिळवला होता. सकाळी येऊन दुपार कलेपर्यंत तिनं थांबायचं, जखम बघायची, साखर तपासायची, जेवण पोटात गेलं की इन्सुलिन द्यायचं.

पहिल्याच दिवशी दुपारी सुहासिनीबाईंनी तिचं पान वाढलं. श्यामला हात पुसत म्हणाली, "मी डबा आणलाय, काकू."

"असू दे. आमच्याकडे आलेलं माणूस उपाशी जात नाही."

"उपाशी कुठं? डबा आहे ना."

"मग इथे टेबलवर बसून खा."

"मी गाडीत खाते."

सुहासिनीबाईंच्या हातातला डाव वरणाच्या पातेल्यावर तसाच थांबला. "गाडीत कुत्र्याला ठेवतात, सिस्टर. तेसुद्धा काच थोडी खाली करून."

"मग मी काच खाली करीन," श्यामला म्हणाली, आणि गेली.

वैर तिथं सुरू झालं. आठल्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गाडीवर उघडायची. समोरच्या घरातली मिसेस ह्यूज एका सकाळी कुंपणापाशी येऊन अगदी आपुलकीनं म्हणाली, तुमच्या नर्सला घरात बसून जेवायची परवानगी नाही का, थंडी किती आहे. सुहासिनीबाई सगळा जन्म या गल्लीत मान वर करून राहिल्या होत्या. गणपतीला त्यांच्या हातच्या मोदकांसाठी माणसं ल्यूटनहून येत. आणि आता त्यांच्या दारात एक बाई बाहेर बसून जेवते, आणि गोरे शेजारी बघतात. ही आग त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. त्यांनी ती कामाला लावली.

श्यामलानं घडी घातलेले टॉवेल त्या पुन्हा उलगडून घडी घालायच्या. ती जिथं उभी असेल तिथली फरशी पुसायला घ्यायच्या, "जरा पाय उचला" म्हणायच्या. फोनवर मैत्रिणीला, श्यामलाला ऐकू जाईल अशा बेतानं, "छे गं, आपल्याकडची वाटत नाही, फार शिष्ट आहे," म्हणायच्या. श्यामलाही काही गरीब गाय नव्हती. तिनं डॉक्टरांच्या उशाचे पेढे सुहासिनीबाईंच्या देखत कचऱ्यात टाकले. त्यांच्या आवडीचा गालिचा, पाय अडकतो म्हणून, न विचारता गुंडाळून जिन्याखाली सरकवला. त्या बोलायला लागल्या की ती ब्लडप्रेशरचं मशीन लावायची आणि बोट ओठांवर ठेवायची.

सुहासिनीबाईंचं खरं दुखणं मात्र वेगळं होतं. डॉक्टर त्यांच्या हातचं खात नव्हते.

लग्न झाल्यापासूनचा त्यांचा रिवाज होता. नवऱ्याचं पान आधी. तो जेवेपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं, डाव हातात धरून, काय हवं नको बघत. त्यानं हात धुतला की मग आपण बसायचं. या देशात आल्यावर बाकी सगळं बदललं, साडी गेली, लांब केस गेले, मंगळसूत्र कपाटात गेलं, पण हे राहिलं. कुणी सक्ती केली नव्हती. डॉक्टरांच्या लक्षातही कधी आलं नसावं. त्यांना ते हवेसारखं होतं.

आता मात्र ते मान वर करून त्या उभ्या बाईकडं बघायचे. मग ताटाकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"यात काय घातलंयस?"

"वरण आहे हो. नेहमीचं."

"मग तू अशी का उभी आहेस?"

"वाढायला."

"बघत उभी आहेस," ते म्हणायचे, आणि ताट ढकलून द्यायचे.

श्यामलाच्या हातचं ते खात. तिच्या अंगातल्या गडद निळ्या ट्यूनिकवर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या डोक्यात ते वॉर्डात होते आणि ही वॉर्डातली सिस्टर. भात सुहासिनीबाईंनी शिजवायचा, कालवायचा, तूप त्यांनी घालायचं, आणि चमचा श्यामलानं धरायचा. तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "सुईण येते, मूल काढते, निघून जाते. तिनं आई असल्याचं नाटक करू नये."

"मी चमचा धरलाय, काकू. नाटक कुठलं?"

आणि मग एका दुपारी चमचा ओठांशी आला असताना डॉक्टरांनी तोंड बाजूला केलं. डोळ्यांत एकदम धार आली, ऑपरेशनच्या आधी येत असेल तशी.

"सिस्टर, आधी तू खा."

"मी पेशंटच्या घरचं खात नाही, डॉक्टर."

वर्षानुवर्षं प्रत्येक घरात म्हटलेलं वाक्य. तोंडातून निघालं तेव्हा तिला नेहमीसारखंच बरं वाटलं. डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. मग अगदी शांतपणे, जणू केस समजली अशा आवाजात, म्हणाले, "बघा. हिलाही माहीत आहे."

तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सकाळी कधी अर्धी वाटी पॉरिज, ते बंद डब्यातलं म्हणून. बाकी पाणी. अंगठी बोटातून निसटून सिंकमध्ये पडायला लागली. एका दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, साखर खाली गेली होती. श्यामलानं ग्लुकोजची जेल बोटावर घेऊन गालाच्या आत चोळली, तर त्यांनी ते बोट कडकडून चावलं. हातमोज्यातून रक्त आलं. डॉक्टर शुद्धीवर आल्यावर ती नळाखाली बोट धरून उभी होती, तर मागून सुहासिनीबाई म्हणाल्या,

"चावले का? बरं झालं."

श्यामलानं नळ बंद केला. "त्यांना दात आहेत म्हणून चावले. तुम्हाला जीभ आहे."

रविवारी गिरीश आला. जन्म इथला, मराठी घरापुरती. तो चांगला मुलगा होता आणि फार थकला होता. त्यानं आईला समोर बसवलं, श्यामलालाही थांबायला सांगितलं.

"आई, माझ्या घराजवळ एक केअर होम आहे. तो रूम रिकामा झाला आहे. नेक्स्ट संडेला मी बाबाला घेऊन जातो."

"ते तिथे काय खातील? मॅश्ड पोटॅटो?"

"इथे पण तो काही खात नाही, आई. ही विल स्टार्व. आपला जीपी डॉक्टर पण तेच बोलला."

"आणि मी इथे एकटी काय करू? भिंती पुसू?"

गिरीशनं गाडीची किल्ली उचलली. तो निघून गेला. मग सुहासिनीबाईंनी श्यामलाकडं तोंड वळवलं.

"तुमच्यामुळे झालं हे. एक घास खाल्ला असता तर जीभ झडली असती का?"

"आणि तुम्ही खाल्ला असता तर?"

"मी?" त्यांना खरंच कळेना. "ह्यांच्या आधी?"

"हो. त्यांच्या आधी. त्यांच्यासमोर बसून. ते काय म्हणतात ते ऐकलंत ना? तुम्ही उभ्या राहून बघता, मी बाहेर जाऊन खाते. त्या ताटातलं कुणीच खात नाही. त्यांच्या जागी मी असते तरी खाल्लं नसतं."

"मला संसार शिकवू नका."

"मला नर्सिंग शिकवू नका."

दोघी तिथंच थांबल्या. दोघींनाही बरोबर कळलं होतं, आणि दोघींपैकी एकही जागची हलेना.

श्यामला गाडीत येऊन बसली. डबा उघडला आणि तसाच मांडीवर धरला. एक घास खायचा, त्यात काय? पण ती सुहासिनीबाईंना ओळखून होती. आज त्यांच्या टेबलावर एक घास खाल्ला की उद्या तो फोनवरून हॅरो, हाउन्सलो, स्लाव असा फिरून येणार. आमच्याकडे ताटावर बसायची हो ती. मग कुठल्या दारात ती मान ताठ ठेवून उभी राहणार? धुरकट काचेवर तिनं बोटानं एक रेघ ओढली. त्या रेघेतून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. खिडकीत सुहासिनीबाई उभ्या होत्या, आणि त्या तिच्याकडेच बघत होत्या.

शुक्रवारी श्यामला आली ती डबा घेऊनच आत आली. दुपारी डॉक्टरांना टेबलाशी बसवलं. त्यांच्यापुढं भाताचं ताट होतं, त्यावरचं तूप थिजलं होतं. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि डबा उघडला.

"हे काय?" सुहासिनीबाई शेगडीपाशी होत्या.

"डबा. टेबलवर खा म्हणाला होतात."

"तेव्हा म्हणाले होते."

"मला आज ऐकू आलं."

तिनं भाकरी मोडली. करकरीत पापुद्र्याचा आवाज झाला. भाजीला लावून घास तोंडात घातला. त्या घरचं काहीही नव्हतं, पाणीदेखील तिचं. तिची अट शाबूत होती. डॉक्टर बघत होते. घास तोंडात जाताना, चावताना, गिळताना, त्यांनी सगळं पाहिलं. दुसरा घास पाहिला. मग त्यांचा मोठा, हाडाळ हात टेबलावरून सरकत पुढं आला.

"ते काय आहे?"

"भाकरी."

"दे."

श्यामलानं तुकड्याचे दोन भाग केले. एक आपल्या तोंडात घातला, दुसरा वांग्याच्या रसात भिजवून, मऊ करून त्यांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी तो खाल्ला.

"ह्यांना भाकरी कधीच आवडली नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. कुणीही वळून पाहिलं नाही.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणी केली?"

"मी."

"तुझ्या हाताला चव आहे, सिस्टर."

इथं श्यामलानं गप्प बसायला हवं होतं. पेशंट खात होता, एवढं पुरे होतं. पण टॉवेलांच्या घड्या, पुसलेली फरशी, गाडीतला कुत्रा, सगळं तिच्या मनात उभं होतं. "अजून घ्या, डॉक्टर," ती म्हणाली, आणि मान वळवून सुहासिनीबाईंकडं बघितलं. ती नजर टाळता आली असती. तिनं टाळली नाही.

सुहासिनीबाईंचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी डाव खाली ठेवला. कपाटातून ताट काढलं. भात वाढून घेतला, वर वरण, वर तूप, लिंबाची फोड, मीठ. खुर्ची खरकन ओढली आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. नवऱ्यानं हात धुतलेला नसताना, त्याचं पान भरलेलं असताना, जन्मात पहिल्यांदा त्या आधी जेवायला बसल्या. नवऱ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. श्यामलाच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. भरभर, रागानं, मेल्या वैऱ्याचं घर खणून काढावं तशा त्या खात सुटल्या.

डॉक्टर वळले. इतकी वर्षं समोर असलेली बाई त्यांना नव्यानंच दिसत असावी.

"तू जेवतेस?"

"हो. भूक लागली."

"काय आहे?"

"वरणभात."

"मला नाही वाढलास?"

त्यांचं भरलं ताट त्यांच्यापुढंच होतं. सुहासिनीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग आपल्या अर्ध्या झालेल्या ताटाकडं. "हे उष्टं आहे माझं," त्या म्हणाल्या.

"असू दे ना."

त्यांनी आपलं ताट नवऱ्यापुढं सरकवलं. मान ताठच होती. डॉक्टर खाली वाकले आणि बायकोच्या ताटातलं जेवू लागले. श्यामलानं डब्याचं झाकण लावलं, इन्सुलिनचं पेन काढलं, सुई बसवली. हे सगळं तिनं पाठ फिरवून केलं, कारण आपण हरलो की जिंकलो हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आणि ते चेहऱ्यावर दिसलेलं तिला चाललं नसतं.

रविवारी गिरीश बॅग घेऊन आला, तर टेबलाशी तिघं बसली होती. बाबा आईच्या ताटातून खात होता, आई दुसरं वाढून घेत होती, आणि समोर नर्स आपल्या डब्यात मान घालून बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यानं बॅग पुन्हा गाडीत ठेवली.

यानंतर त्या दोघींचं जमलं असं कुणी समजू नये. त्या रोज एका टेबलावर जेवायच्या आणि रोज भांडायच्या.

"आजही वांगंच का? गावाला दुसरं काही उगवत नाही वाटतं."

"तुमच्या वरणात हिंग जास्त झालाय."

"न खाता कसं कळलं?"

"वास रस्त्यावर येतो, काकू. मिसेस ह्यूजला विचारा."

डॉक्टर मध्ये बसून जेवायचे. दोघींची तोंडं चालताना दिसली की त्यांचंही चालायचं. टाचेवरची जखम भरली. हिवाळा गेला, घरामागच्या चेरीला फुलं आली, आणि ती गळायला लागली तेव्हा छातीत कफ होऊन डॉक्टर आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर गेले. त्यांना शेवटची आंघोळ श्यामलानं घातली. कोमट पाण्याचं भांडं सुहासिनीबाईंनी धरलं होतं. "कानामागे राहिलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि राहिलंही होतं.

दिवसकार्य झाल्यावर श्यामला आपलं सामान न्यायला आली. हातमोज्यांचा खोका, ड्रेसिंगची पेटी, वजनाचा काटा. ती दारात चपला घालत होती तेव्हा सुहासिनीबाई आतून आल्या. हातात तिचा डबा होता. त्या शेवटच्या दिवशी गडबडीत टेबलावरच राहिला होता.

स्टील घासून घासून आरशासारखं केलं होतं. श्यामलानं डबा हातात घेतला आणि वजनावरून तिला समजलं. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. हे येरळेच्या काठी तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं, मग गणपतीला अख्ख्या मंडळाला मोदक घालणाऱ्या बाईला कसं ठाऊक नसेल?

"रिकामा आहे," श्यामला म्हणाली.

"हो," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही पेशंटच्या घरचं खात नाही ना."

"नाही."

"मग."

दार लागलं. जोरात नाही, हळूही नाही.

श्यामलानं गाडीत बसून फडकं अंथरलं आणि त्यावर तो डबा ठेवला. काच स्वच्छ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत आज कुणी उभं नव्हतं. पलीकडं टेबलाशी एक पाठमोरी आकृती बसलेली दिसत होती, ताट पुढं ओढून. श्यामलानं किल्ली फिरवली. पुढचं घर हॅरोला होतं. तिथल्या म्हाताऱ्याची सून फार तोंडाळ आहे, असं तिला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.